मॅरेथॉनचा पहिला विजयी वीर : स्पिरिडॉन लुईस

मोठ्या लोकांचीं चरित्रें वाचावयास घेतलीं म्हणजे बहुधा राजे, सेनापति, कवि, शास्त्रज्ञ व धर्मसुधारक यांचींच नांवें डोळ्यांपुढें येतात. आयुष्यभर केलेल्या उद्योगाचें फळ म्हणून त्यांस कीर्ति प्राप्त झालेली असते. परंतु इतिहासाच्या ग्रंथांत एखादें पान असेंहि सांपडतें कीं, ज्यावर एका गरीब व अप्रसिद्ध मनुष्याचें नांव केवळ तीन तासांच्या पराक्रमानें कायमचें कोरलें गेलें आहे. आमच्या विद्यार्थिमित्रांपैकीं पुष्कळांना क्रीडांगणाची आवड आहे, आणि लांब पल्ल्याची शर्यत म्हटली कीं मॅरेथॉन हें नांव आज लहान मुलांच्याहि तोंडीं असतें. ती शर्यत ऑलिंपिक सामन्यांत पहिल्या प्रथम जिंकणाऱ्या पाणक्याचें चरित्र थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

स्पिरिडॉन लुईस याचा जन्म ता. १२ जानेवारी १८७३ रोजीं ग्रीस देशांतील मारूसी ह्या खेड्यांत झाला. हें खेडें अथेन्स शहराच्या ईशान्येस सुमारें आठ मैलांवर होतें. तेथील झऱ्यांच्या पाण्याची ख्याति होती. अथेन्समध्यें त्या काळीं आजच्यासारखी नळांची सोय नव्हती; म्हणून मारूसीचें पाणी शहरांत नेऊन विकण्याचा धंदा खेड्यांतील कांहीं कुटुंबें करीत असत. लुईसचा बापहि हाच धंदा करी. घरची गरिबी असल्यामुळें मुलास शाळेंत फारसें शिकतां आलें नाहीं. तो बापाच्या हाताखालीं राबूं लागला. पाण्याचीं पिंपें जनावरावर किंवा गाडीवर लादावयाचीं आणि त्याच्या बाजूनें पायीं शहरापर्यंत जाऊन परत यावयाचें, हा त्याचा नित्यक्रम होता. कित्येकदां तो जनावराच्या बरोबरीनें धांवतच जाई, असें सांगतात. हा व्यायाम त्यानें व्यायाम म्हणून केलाच नव्हता. पोटासाठीं केलेले हे श्रम त्याची छाती रुंद व पाय बळकट करीत होते, याची त्यास जाणीवहि नसावी.

आतां ह्या शर्यतीची कुळकथा थोडी सांगितली पाहिजे. ख्रिस्तपूर्व ४९० ह्या वर्षीं इराणचा बादशहा दरायस याच्या सैन्यानें ग्रीसवर स्वारी केली. मॅरेथॉन येथील मैदानावर मिल्टिआडीस इत्यादि सेनापतींच्या नेतृत्वाखालीं अथेन्सच्या लोकांनीं, प्लाटीआ नगरच्या थोड्याशा साहाय्यानें, त्या मोठ्या सैन्याचा मोड केला. विजयाची वार्ता घेऊन एक दूत मॅरेथॉनपासून अथेन्सपर्यंत धांवत आला आणि वार्ता सांगतांच गतप्राण झाला, अशी कथा आहे. ग्रीक इतिहासकार हिरोडोटस यास ही गोष्ट ठाऊक नाहीं. मदत मागण्यासाठीं फिडिपिडीस नांवाचा दूत स्पार्टापर्यंत गेला, एवढेंच तो लिहितो. अथेन्सच्या धांवेची कथा त्याच्यानंतर कित्येक शतकांनीं झालेल्या लेखकांच्या ग्रंथांत आढळते. तेव्हां ती अक्षरशः खरी मानण्याचें कारण नाहीं. परंतु कित्येक कथा इतिहासांत दुबळ्या ठरल्या तरी माणसांच्या मनावर मोठें राज्य करतात. ही त्यांपैकींच एक होय.

इ. स. १८९४ सालीं फ्रान्स देशांतील बॅरन पीएर द कूबरतँ याच्या खटपटीनें पॅरिस येथें एक परिषद भरली. प्राचीन ऑलिंपिक सामन्यांचें पुनरुज्जीवन करून पहिले सामने अथेन्स येथें भरवावेत, असें तींत ठरलें. कूबरतँचा मित्र व प्रसिद्ध भाषाशास्त्रज्ञ मिशेल ब्रेआल यानें अशी सूचना केली कीं, त्या सामन्यांत मॅरेथॉनपासून अथेन्सपर्यंत एक शर्यत असावी. विजेत्यास आपण स्वतः एक चांदीचा चषक देऊं, असेंहि त्यानें कळविलें. प्राचीन ऑलिंपिकमध्यें अशी शर्यत कधींच नव्हती. त्या काळची सर्वांत लांब शर्यत तीन मैलांच्या आंतबाहेर असे, आणि ही तर ४० किलोमीटर, म्हणजे सुमारें पंचवीस मैलांची होती! इतक्या अंतरावर माणसांनीं चढाओढीनें पळावें ही कल्पनाच पुष्कळांना साहसाची वाटली.

ग्रीस देशाची त्या वेळची स्थिति मोठी बिकट होती. इ. स. १८९३ मध्यें सरकारचें दिवाळें निघालें होतें, आणि पंतप्रधान त्रिकूपिस हा खर्चाच्या भीतीनें सामन्यांस प्रतिकूल होता. तथापि लोकांनीं वर्गण्या दिल्या, आणि अलेक्झांड्रिया येथें राहणारा जॉर्ज आव्हेरॉफ नांवाचा धनिक ग्रीक व्यापारी पुढें आला. त्याच्या द्रव्यसाहाय्यानें अथेन्समधील पुरातन क्रीडांगण शुभ्र संगमरवरानें पुन्हां बांधून निघालें. ता. ६ एप्रिल १८९६ रोजीं सामन्यांस प्रारंभ झाला. ग्रीक लोकांनीं मोठ्या हौसेनें पाहुण्यांचें स्वागत केलें. पण मैदानी खेळांत जय मात्र परक्यांच्याच पदरीं पडूं लागला. थाळीफेक हा तर ग्रीकांचा खास वडिलोपार्जित खेळ. पण त्यांतहि अमेरिकेच्या रॉबर्ट गॅरेट यानें त्यांस मागें टाकिलें. राष्ट्राची सारी आशा आतां मॅरेथॉनच्या शर्यतीवर येऊन ठेपली.

ह्या शर्यतीसाठीं ग्रीस देशानें मार्च महिन्यांत निवडीच्या दोन शर्यती घेतल्या होत्या. पहिलींत खारिलाओस व्हासिलाकोस हा पहिला आला. त्यास तीन तास अठरा मिनिटें लागलीं. लुईस त्या शर्यतींत नव्हता. तो लष्करांत नोकरीस असतां ज्या अधिकाऱ्याच्या हाताखालीं होता तो कर्नल पापाडियामांटोपूलोस हा ह्या शर्यतींच्या व्यवस्थेंत प्रमुख होता. हा जवान न थकतां किती चालतो व पळतो हें त्यानें पाहिलें होतें. त्याच्याच आग्रहावरून लुईस दुसऱ्या निवडीच्या शर्यतींत उतरला, असें सांगतात. ही लुईसच्या आयुष्यांतील पहिली मॅरेथॉन. तींत त्याचा क्रमांक पांचवा लागला! पांचव्या क्रमांकाचा पाणक्या राष्ट्राची लाज राखील, असें त्या दिवशीं कोणाच्या स्वप्नींहि आलें नसेल.

मुख्य शर्यत ता. १० एप्रिल १८९६ रोजीं, शुक्रवारीं, झाली. ग्रीसमध्यें त्या वेळीं जुनें पंचांग चालू असल्यामुळें तेथील लोकांच्या हिशेबानें ती २९ मार्च ही तारीख होती. स्पर्धकांस आदल्या दिवशींच मॅरेथॉन खेड्यांत नेऊन ठेवण्यांत आलें होतें. लुईसनें ती रात्र प्रार्थनेंत घालविली, अशी एक लोककथा आहे. एकंदर सतरा जण आरंभरेषेवर उभे राहिले. त्यांपैकीं तेरा ग्रीक होते. उरलेले चौघे म्हणजे ऑस्ट्रेलियाचा एड्विन फ्लॅक, अमेरिकेचा आर्थर ब्लेक, फ्रान्सचा आल्बँ लर्मूसिओ व हंगेरीचा ग्यूला केल्नर. दुपारीं दोन वाजतां कर्नलसाहेबांनीं पिस्तुलाचा बार काढला आणि शर्यत सुरू झाली.

येथें वाचकांनीं एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. फ्लॅक, ब्लेक व लर्मूसिओ हे तिघे त्याच सामन्यांतील १५०० मीटरच्या शर्यतींत अनुक्रमें पहिला, दुसरा व तिसरा आलेले गडी होते. फ्लॅकनें तर आदल्याच दिवशीं ८०० मीटरची शर्यतहि जिंकली होती. वेगांत त्यांची बरोबरी करणारा ग्रीकांत कोणी नव्हता. परंतु मैलभर पळणें व पंचवीस मैल पळणें ह्या दोन अगदीं निराळ्या विद्या आहेत. शरीरशास्त्र असें सांगतें कीं, आपल्या स्नायूंत व यकृतांत सांठविलेली साखर हें धांवणाऱ्याचें मुख्य इंधन होय. आरंभीं जो फार वेगानें पळतो त्याचें तें इंधन लवकर संपतें, आणि अठरावीस मैलांच्या सुमारास पाय एकाएकीं शिशासारखे जड होतात. हें शास्त्र त्या दिवशीं कोणासच माहीत नव्हतें. पाण्याच्या गाडीबरोबर रोज धांवणाऱ्या लुईसला मात्र एवढें पक्कें कळत होतें कीं, जावयाचें किती दूर आहे हें पाहून पाऊल टाकावें.

लर्मूसिओनें पहिल्यापासूनच विलक्षण वेग घेतला व सर्वांस फार मागें टाकिलें. त्याच्या मागोमाग फ्लॅक व ब्लेक होते. लुईस बराच मागें होता. वाटेंत पिकेर्मी गांवीं तो क्षणभर थांबला, एक पेलाभर द्राक्षरस प्याला, पुढें कोण कोण गेले याची त्यानें शांतपणें चौकशी केली, आणि ह्या सर्वांस आपण गांठूं असा विश्वास दाखवून तो पुन्हां पळूं लागला, असें वर्णन सांपडतें. पुढें चढाचा रस्ता लागला. तेवीस किलोमीटरच्या सुमारास ब्लेकनें शर्यत सोडली. बत्तीस किलोमीटरच्या सुमारास लर्मूसिओचेंहि बळ सरलें व तो बाजूस झाला. आतां फ्लॅक सर्वांच्या पुढें होता. परंतु मागून एका समान गतीनें पडणारीं पावलें त्याच्या जवळ जवळ येत होतीं. लुईसनें त्यास गांठलें. कांहीं काळ दोघे जवळजवळ पळाले. मग लुईस पुढें सरला. अथेन्स तीनचार किलोमीटर उरलें असतां फ्लॅकचे पाय लटपटले व तो रस्त्यांतच कोसळला.

इकडे क्रीडांगणांत हजारों लोक वाट पाहत बसले होते. सायकलीवरून आलेल्या एका मनुष्यानें ऑस्ट्रेलियाचा गडी पुढें असल्याची बातमी आणली, आणि साऱ्या समुदायावर उदासीनतेची छाया पसरली. थोड्या वेळानें कर्नल पापाडियामांटोपूलोस घोडा दौडवीत आला व थेट राजासनाकडे गेला. ग्रीक गडी पुढें आहे, ही वार्ता एका मुखांतून दुसऱ्या मुखांत जाऊन क्षणांत सर्वत्र झाली. ज्या देशाचा तो शब्द, त्या देशाच्या नांवाचाच एक घोष क्रीडांगणभर दुमदुमला. इतक्यांत धुळीनें माखलेला व घामानें निथळणारा तेवीस वर्षांचा एक तरुण संगमरवरी प्रवेशद्वारांतून आंत आला. युवराज कॉन्स्टंटाइन व राजपुत्र जॉर्ज हे दोघे बंधु आपलीं आसनें सोडून खालीं उतरले आणि त्या पाणक्याच्या दोन्ही बाजूंनीं शेवटच्या खुणेपर्यंत धांवत गेले. दोन तास, अठ्ठावन्न मिनिटें व पन्नास सेकंद एवढ्या वेळांत त्यानें ती वाट संपविली होती. म्हणजे दर मैलास सरासरी सव्वासात मिनिटांच्या आंतबाहेर. लोकांनीं आनंदानें टोप्या हवेंत उडविल्या, आणि अनोळखी माणसें एकमेकांस मिठ्या मारूं लागलीं. सात मिनिटांनंतर व्हासिलाकोस दुसरा आला.

तिसऱ्या क्रमांकाची हकीकत मात्र खेदजनक आहे, आणि विद्यार्थ्यांनीं तीहि वाचली पाहिजे. स्पिरिडॉन बेलोकास नांवाचा ग्रीक गडी तिसरा आला व त्याचाहि जयजयकार झाला. परंतु मागून आलेल्या हंगेरीच्या केल्नरनें तक्रार केली कीं, हा गृहस्थ वाटेंत कांहीं अंतर घोडागाडींत बसून आला आहे. चौकशीअंतीं तें खरें ठरलें. बेलोकासचा क्रमांक काढून घेण्यांत आला व तो केल्नरला मिळाला. त्याच दिवशीं, त्याच रस्त्यावर, एकच नांव धारण करणाऱ्या दोन स्पिरिडॉनांपैकीं एकानें कीर्ति मिळविली व दुसऱ्यानें अपकीर्ति. आपल्याच देशाच्या माणसाविरुद्ध परक्याची तक्रार ऐकून घेऊन ग्रीक अधिकाऱ्यांनीं न्याय केला, ही गोष्ट लुईसच्या विजयाइतकीच त्या राष्ट्रास भूषणावह आहे असें आम्हांस वाटतें.

आमच्या विद्यार्थिनींसाठीं येथेंच आणखी एक नांव सांगतों. स्टामाटा रेव्हिथी नांवाच्या एका गरीब ग्रीक स्त्रीनें त्या शर्यतींत भाग घेण्याची इच्छा दर्शविली होती; परंतु स्त्री म्हणून तिला परवानगी मिळाली नाहीं. तेव्हां दुसऱ्या दिवशीं ती एकटीच त्याच वाटेनें धांवली आणि सुमारें साडेपांच तासांत तिनें तें अंतर पुरें केलें. तिच्यासाठीं क्रीडांगणाचे दरवाजे उघडले नाहींत. ऑलिंपिक सामन्यांत स्त्रियांची मॅरेथॉन सुरू होण्यास पुढें १९८४ साल उजाडावें लागलें.

पहिल्या ऑलिंपिकमध्यें सुवर्णपदकें नव्हतीं. विजेत्यास रुपेरी पदक, ऑलिव्हची फांदी व प्रशस्तिपत्र मिळे. लुईसला त्यांशिवाय ब्रेआलचा चषकहि मिळाला. त्याच्या विजयानें वेडे झालेल्या लोकांनीं त्यास नाना प्रकारचीं बक्षिसें देऊं केलीं, अशा पुष्कळ दंतकथा आहेत. राजे जॉर्ज यांनीं त्यास हवें तें मागावयास सांगितलें, तेव्हां पाणी वाहून नेण्यासाठीं एक गाडी व तिला जोडावयास जनावर, एवढेंच त्यानें मागितलें, असें सर्वत्र सांगितलें जातें. ह्या मागणीस कोणी भोळेपणा म्हणतील. आम्हांस तींत मोठें शहाणपण दिसतें. दुसऱ्या दिवशींहि आपणांस पाणीच विकावयाचें आहे, हें टाळ्यांच्या कडकडाटांतहि तो विसरला नाहीं.

आणि खरोखरच तो आपल्या गांवीं परत गेला. त्यानंतर तो कोणत्याहि शर्यतींत धांवला नाहीं. पुढें तो शेती करूं लागला, व कांहीं काळ गांवांत पोलिसाचेंहि काम करीत होता. इ. स. १९२६ सालीं त्याच्यावर मोठें संकट आलें. लष्करी कागदपत्रांत खोटेपणा केल्याचा आरोप ठेवून त्यास कैद करण्यांत आलें. एके काळीं ज्याच्यासाठीं राजपुत्र धांवले त्यास वर्षाहून अधिक काळ तुरुंगांत काढावा लागला. अखेर १९२७ च्या जून महिन्यांत न्यायालयानें त्यास निर्दोष ठरवून सोडून दिलें. तुरुंगांतील ते दिवस त्यानें कसे कंठिले असतील याची कल्पनाच करावी. कीर्ति ही माणसाची ढाल होत नाहीं, हें ह्या प्रसंगावरून दिसून येतें. पंचवीस मैलांच्या रस्त्यापेक्षां हा रस्ता कठीण होता, आणि त्याच्या कडेला जयघोष करणारे कोणी नव्हते.

इ. स. १९३६ सालीं बर्लिन येथें ऑलिंपिक सामने भरले. तेव्हां त्रेसष्ट वर्षांच्या ह्या वृद्धास सन्मानानें बोलावण्यांत आलें. ग्रीसचा राष्ट्रीय पोषाख परिधान करून तो आपल्या देशाच्या चमूबरोबर मिरवणुकींत चालला, आणि ऑलिंपिया येथून आणलेली ऑलिव्हची फांदी त्यानें जर्मनीचा सत्ताधीश हिटलर याच्या हातीं दिली. ही फांदी शांतीचें चिन्ह होय. देणाऱ्याचा हेतु शुद्ध होता. घेणाऱ्यानें तिचें काय केलें तें जगास ठाऊकच आहे. तीन वर्षांनीं महायुद्ध पेटलें, आणि १९४१ सालीं जर्मन सैन्यानें ग्रीस देश व्यापला. तो दिवस पाहण्याचें दुःख लुईसच्या वांट्यास आलें नाहीं. ता. २६ मार्च १९४० रोजीं, ज्या मारूसी गांवीं तो जन्मला तेथेंच, त्यानें देह ठेविला.

मारूसी येथें बांधलेल्या व १९८२ सालीं उघडलेल्या मोठ्या क्रीडांगणास त्याचेंच नांव देण्यांत आलें, आणि २००४ सालीं ऑलिंपिक सामने पुन्हां अथेन्स येथें आले तेव्हां मुख्य समारंभ त्याच ठिकाणीं झाले. ब्रेआलचा लहानसा चषक त्याच्या घराण्यांत राहिला होता. २०१२ सालीं लंडन येथें त्याचा लिलाव होऊन पांच लक्ष पौंडांहून अधिक किंमत आली. व तो एका ग्रीक धर्मादाय संस्थेनें विकत घेतला. एका पाणक्याच्या घरांतील भांड्यास एवढें मोल!

ह्या शर्यतीचा आपल्याहि प्रांताशीं एक धागा जुळलेला आहे. सर दोराबजी टाटा यांच्या प्रोत्साहनानें १९२० सालीं हिंदुस्थानांतील कांहीं गडी बेल्जममधील अँटवर्प येथील ऑलिंपिक सामन्यांस गेले होते. त्यांत बेळगांवचे फडेप्पा चौगुले हे मॅरेथॉन धांवले व एकोणिसावे आले. परक्या हवेंत, अपुऱ्या साधनांनिशीं धांवून शेवट गांठणाऱ्या त्या गड्याची आठवण आपण ठेवली पाहिजे. आज मॅरेथॉनचें अंतर ४२ किलोमीटर १९५ मीटर आहे. मुंबई, पुणें इत्यादि शहरांत दरवर्षीं हजारों माणसें आयुष्यांतील पहिली मॅरेथॉन धांवतात. त्यांपैकीं बहुतेकांस पहिल्या क्रमांकाची आशा नसते; आपण घेतलेली वाट आपल्या पायांनीं पुरी करावी, एवढीच त्यांची आकांक्षा असते.

प्रेषित पौल अथेन्स नगरांत येऊन गेला होता, आणि करिंथ येथील मंडळीस लिहितांना त्यानें धांवण्याच्या शर्यतीचाच दृष्टान्त घेतला आहे. शर्यतीसाठीं धांवणारे संयम पाळतात तो कोमेजणाऱ्या मुगुटासाठीं. मग न कोमेजणाऱ्यासाठीं किती पाळावा, असा त्याचा आशय आहे. लुईसच्या मस्तकावरील ऑलिव्हचीं पानें केव्हांच सुकलीं. उरलें आहे तें त्याचें वळण : नित्याच्या कष्टांतून आलेलें बळ, पांचवा आला असतांहि न सोडलेला धीर, पुढें गेलेल्यांकडे पाहून न बिघडूं दिलेली गति, आणि विजयानंतर पुन्हां आपल्या कामाकडे वळलेलीं पावलें. मुलांनो, परीक्षा असो कीं संसार असो, वाट लांब आहे. आरंभींच्या टाळ्यांस भुलूं नका व कोणाच्या गाडींत बसून पुढें जाऊं नका. आणि पालकांसहि आमची एवढीच विनंति कीं, आपलें मूल आज पांचवें आलें म्हणून त्याची आशा सोडूं नये.